युनियनची वर्गणी : मिशिगनमधील एका रुग्णालयातला अनुभव

मिशिगनमधील एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी 2014 पासून तंत्रज्ञ आहे आणि पहिल्या महिन्यापासून तिथल्या युनियनची वर्गणी भरत आले आहे. नोकरीसाठी इथे येणारी मराठी मंडळी ‘सदस्य व्हावे का, पैसे वसूल होतात का’ असे मला नेहमी विचारतात. त्यांच्यासाठी या सेवेचे हे परीक्षण.

आधी एका नावाचा खुलासा करायला हवा. ‘राइट टू वर्क’ म्हटले की आपल्याकडच्या माणसाला 1977 चा रोजगार हमी कायदा आणि ‘मागेल त्याला काम’ हे शब्द आठवतात. अमेरिकेत याच नावाने ओळखला जाणारा कायदा कोणालाही काम देत नाही. युनियनला प्रतिनिधित्वाचे शुल्क देणे ही नोकरीची अट करता येणार नाही, एवढेच तो सांगतो. 1947 च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना अशी मनाई करण्याची मुभा दिली आणि मिशिगनमध्ये ती मार्च 2013 पासून लागू झाली, त्यामुळे मी रुजू झाले तेव्हा वर्गणी भरायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होते.

सेवेचा खरा कस 2017 मध्ये लागला. नमुन्यांवर चुकीच्या चिठ्ठ्या लागल्याचे सांगून मला चौकशीला बोलावण्यात आले. शिक्षा होण्याची शक्यता असलेल्या चौकशीत युनियनचा प्रतिनिधी सोबत मागण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या 1975 च्या निकालाने मान्य केला आहे. तो मी मागितला. आमच्या प्रतिनिधी बाई स्वतः रात्रपाळी करून सकाळी थेट त्या बैठकीला आल्या, त्यांनी पाळीच्या नोंदी मागवल्या आणि त्या चिठ्ठ्या माझ्या पाळीत छापलेल्याच नव्हत्या हे दाखवून दिले. ताकीदपत्र मागे घेतले गेले, पण त्याला सात महिने लागले. त्या काळात माझी झोप उडाली होती आणि युनियनच्या कार्यालयात फोन उचलायलाही बहुतेक वेळा कोणी नसे. त्या दिरंगाईबद्दल मी एक गुण कापते.

या दिरंगाईचे कारण मला पुढे कळले. वाटाघाटीतून झालेला करार विभागातील सगळ्यांना लागू होतो आणि वर्गणी न भरणाऱ्याचेही प्रतिनिधित्व निष्पक्षपणे करण्याचे बंधन केंद्रीय कायद्याने युनियनवर आहे. आमच्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षांत भरणारे निम्म्याहून कमी उरले, पण तक्रारी तेवढ्याच राहिल्या, आणि लवादापर्यंत प्रकरण नेण्याचा खर्च उरलेल्यांच्या वर्गणीतून निघू लागला. घराचे हप्ते फेडणाऱ्या ज्या सहकाऱ्याने वर्गणी थांबवली त्याला मी दोष देत नाही, कारण न भरताही तेच संरक्षण मिळते हे खरेच होते. दोष त्या रचनेचा आहे.

राज्यभराचे आकडेही याच दिशेचे आहेत. मिशिगनमध्ये 2012 साली 16.6 टक्के नोकरदार युनियनचे सदस्य होते, 2023 मध्ये 12.8 टक्के. देशभरातही याच काळात प्रमाण 11.3 वरून 10 टक्क्यांवर आले, त्यामुळे सगळी घसरण या कायद्याच्या माथी मारणे बरोबर नाही. मात्र 2011 नंतर हा कायदा स्वीकारलेल्या पाच राज्यांचा अभ्यास करून फोर्तां, लेम्यू आणि लॉइड या अर्थशास्त्रज्ञांनी असे दाखवले की पाच वर्षांत युनियनचे प्रमाण सुमारे 4 टक्केबिंदूंनी आणि वेतन सुमारे 1 टक्क्याने खाली आले. वेतनातला 1 टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो दर पगारातून जातो.

सक्तीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. माझे मामा मुंबईत गिरणीकामगार होते. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिल्यामुळे, 1982 च्या संपात कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे असूनही त्यांच्याशी बोलणी करायला मालक बांधील नव्हते. आपली न वाटणारी संघटना लादली जाणे म्हणजे काय, हे मामांच्या तोंडून मी ऐकले आहे. मात्र त्यावरचा इलाज कामगारांना आपली संघटना मतदानाने निवडण्याचा आणि बदलण्याचा हक्क हा आहे, आणि तो इथे आहे.

मिशिगनने 2023 मध्ये हा कायदा रद्द केला आणि तो बदल 13 फेब्रुवारी 2024 पासून अमलात आला. त्यानंतरच्या आमच्या करारात शुल्काचे कलम परत आले आणि आता कार्यालयात दिवसभर माणूस असतो. माझ्याकडून पाचपैकी चार गुण.

नव्याने येणाऱ्यांनी नोकरी स्वीकारतानाच करारात असे कलम आहे का ते पाहावे. असल्यास रुजू झाल्यावर तीस दिवसांनी शुल्क सुरू होऊ शकते. सरकारी नोकरीत मात्र 2018 च्या जेनस निकालामुळे कोणत्याही राज्यात शुल्काची सक्ती नाही. टेक्सास किंवा नॉर्थ कॅरोलिनाला जाणाऱ्यांना खासगी नोकरीतही ती नसेल. तिथे युनियन असल्यास सदस्यत्वाचा अर्ज स्वतःहून मागून घ्यावा लागेल.