कॉम्प्युटर सुरूच होत नाही: घरी खोलायचा की बर्डीला न्यायचा?

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, की आपण सरळ सीपीयू उचलतो आणि गाडीवर ठेवून बर्डी, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीतलं दुरुस्तीचं दुकान, गाठतो. त्याआधी एवढंच बघा, आतला पंखा फिरतो का?

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, तर घरीच खोला. माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे आतल्या मेमरीच्या पट्टीवर. नागपुरात उन्हाळाभर कूलर चालतो आणि त्याची दमट हवा कॉम्प्युटरलाही लागते. आमचा मे महिन्यात असाच बंद पडला. झाकण काढलं तर आत ओलसर, चिकट धुळीचा थर. वायर काढली, बटण दहा सेकंद दाबून धरलं, खटके उघडून रॅम काढली. तिच्या सोनेरी पट्टीवर मुलीचं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, भुगा फुंकणीच्या ब्रशने झाडला आणि खटका 'टक्' वाजेपर्यंत रॅम परत दाबली. चालू झाला! दुकानातही सुरुवात इथूनच होते, फक्त तिथे पैसे लागतात. रॅम दोन असतील तर एकेक लावून बघा. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, तेही बघा.

पंखाच हलत नसेल तर भिंतीवरच्या बोर्डाचं सॉकेट, वायर आणि मागचा छोटा स्विच तपासा आणि तिथेच थांबा. पुढचा संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यावर जातो, आणि इथे दुकानच बरं. हिरवी वायर काळीला जोडून तो चालू करण्याची युक्ती बरेच जण सांगतात, पण पंखा फिरला म्हणजे वीज नीट येते असं नाही. 12 व्होल्टची लाइन 11.4 ते 12.6 मध्ये हवी, तीही लोड असताना. दुकानदार दुसरा एसएमपीएस लावून पाच मिनिटांत निकाल देतो. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज उरते.

लॅपटॉपचं म्हणाल, तर चार्जर बदलून बघण्यापलीकडे मी घरी काही करणार नाही.

"मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला" असं कोणी लगेच सांगितलं, तर सीमॉसचा सेल, म्हणजे त्या बोर्डावरचा छोटा गोल सेल, काढून रीसेट करून पाहिलं का, हे विचारा. आणि नेण्याआधी हार्ड डिस्क काढून घरी ठेवा, आपल्या फाइली तिच्यातच असतात. स्क्रीन येते की नाही, हे डिस्कशिवायही कळतं.