सेल कुठले घालायचे? आधी सांगा, ते किती दिवस विसरणार आहात

आमच्या एसीचा रिमोट पहिला पाऊस पडला की खणात जातो, तो थेट होळीच्या सुमारास बाहेर येतो. गेल्या वर्षी बाहेर आला तेव्हा मागचं झाकणच निघेना. सुरीच्या टोकाने उचकटलं, तर आत पांढरी बुरशी आल्यासारखा थर, एक स्प्रिंग हिरवी पडलेली आणि दुसरी हात लावताच तुटून हातात आली. सेल साधे नव्हते, चांगले महागाचे अल्कलाइन होते. ‘महागाचे आहेत, गळणार नाहीत’ असं म्हणून मीच घातले होते. त्याच खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळात मात्र स्वस्तातला साधा सेल होता आणि तो ठणठणीत होता.

हे बहिणीला फोनवर सांगितलं तर तिचा लगेच प्रश्न, ‘मग सगळीकडे साधेच घालू का?’ त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, पण फोनवर सांगण्याइतकं ते छोटं नव्हतं.

एक खुलासा आधी. आमच्या घरात ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च, आणि तिच्या पोटात जातात ते सेल. इथेही तसंच धरा.

साधा सेल आणि अल्कलाइन सेल हे दोन्ही गळतात, पण कारणं वेगळी. साध्या सेलमध्ये जस्ताचं जे डबडं असतं तेच त्याचं इंधनही असतं. चुलीवरचं पातेलंच सरपण म्हणून जळावं, तसा प्रकार. सेल वापरू तसं आतून जस्त झिजतं, पातळ होतं, शेवटी भोकं पडतात आणि आतला ओलावा बाहेर येतो. हा ओलावा नवसागराचा किंवा झिंक क्लोराइडचा, म्हणजे सौम्य आम्लधर्मी. तपकिरी, चिकट डाग दिसतो तो याचा. म्हणजे साधा सेल गळतो तो मुख्यतः संपल्यावर. संपल्या संपल्या काढला तर बहुतेक वेळा निभावतं.

अल्कलाइनचं डबडं पोलादी असतं, ते झिजत नाही. आत असतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि जस्ताची पूड. जस्त आणि पाणी यांची आपापसात हळूहळू अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू तयार होतो आणि दाब वाढतो. सेल फुटू नये म्हणून सपाट टोकाला प्लास्टिकचा एक सांधा मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो, दाब फार झाला की तो सुटतो. म्हणून गळती जवळजवळ नेहमी स्प्रिंगच्या बाजूला दिसते. बाहेर आलेला द्रव हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पोटॅशियम कार्बोनेट बनतो, तीच ती पांढरी बुरशी. पूर्वी हा वायू कमी व्हावा म्हणून जस्तात पारा मिसळायचे. पारा विषारी, म्हणून १९९० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी तो काढला. चांगलंच केलं, पण वायू पूर्ण थांबवणारं औषध काही सापडलेलं नाही. पूर्ण उतरलेल्या अल्कलाइनमध्ये वायू जास्त होतो, आणि अर्धा शिल्लक असलेलाही कधी कधी गळतो. त्याचा द्रव साध्या सेलपेक्षा जास्त दाहक असतो, धातूवरून पसरत पुढे जातो, वायरच्या प्लास्टिकच्या आतसुद्धा शिरतो.

म्हणून महागाचा सेल घालून निर्धास्त राहणं, ही माझी चूक होती. एसीच्या रिमोटचा पडदा तर वर्षभर चालू असतो. आपण एसी बंद केला तरी तापमानाचा तो आकडा सेल खातच राहतो, महिनोन् महिने, खणाच्या अंधारात.

मग निवड कशी करायची? मी आता किंमत दुसऱ्या नंबरला ठेवते. पहिला प्रश्न हा की, या वस्तूचं झाकण मी परत केव्हा उघडणार आहे?

घड्याळ आणि टीव्हीचा रिमोट

इथे फार डोकं लावायचं काम नाही. घड्याळाला वीज अगदी थोडी लागते, साधा सेल पुरतो. शिवाय बंद पडलेलं घड्याळ घरात ठेवू नये असं आपल्याकडे मानतात. शुभ-अशुभाचं मला माहीत नाही, पण त्यामुळे संपलेला सेल लगेच बदलला जातो हे नक्की. टीव्हीचा रिमोट रोज हातात असतो, तो आजारी पडला की संध्याकाळपर्यंत कळतं. दोन्हीत साधा चालेल, अल्कलाइन जास्त दिवस जाईल. साधा पेन्सिल सेल १५-२० रुपयांना मिळतो, अल्कलाइनला साधारण दुप्पट-अडीचपट पडतात.

गॅस गिझर

खरी पंचाईत इथे आहे, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. गिझरच्या खालच्या बाजूला एक डबी असते, तिच्यात दोन मोठे सेल. नळ उघडला की टक-टक-टक ठिणगी पाडायची ती यांनी, आणि पाणी चालू असेपर्यंत गॅसची झडप उघडी धरून ठेवण्याचं कामही यांचंच. वरून बाथरूमची वाफ. म्हणजे जोराचा वापर, उष्णता आणि दमटपणा, सेल बिघडायला लागतं ते सगळं एका डबीत.

साधे मोठे सेल इथे चालतात, पण लवकर दमतात, आणि दमलेला साधा सेल ओल्या जागी ठेवला तर गळणारच. मी इथे अल्कलाइनच घालते. महाग पडतात, पण डबीचे संपर्क गंजले की मेकॅनिकची एक फेरी त्याहून महाग पडते. दोन अटी मात्र पाळायच्या. दोन्ही सेल एकदम बदलायचे, आणि दर दोन-तीन महिन्यांनी डबी उघडून बघायची. टक-टक मंदावली, दोन टकांमध्ये अंतर पडायला लागलं, की सेल त्याच दिवशी बाहेर. ‘अजून चार दिवस चालतील’ हे त्या चार दिवसांतच नडतं.

रिचार्जेबल सेल इथे नको. त्यांचा विजेचा दाब १.२ व्होल्ट, दोन मिळून २.४, आणि गिझरला हवेत ३. ठिणगी पडली तरी झडप कुरकुरते. (गिझर बंद बाथरूमच्या आत बसवलेला असेल, तर सेलआधी त्याची जागा बदला. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूपुढे गळका सेल म्हणजे काहीच नाही.)

बीपीचं मशीन

घरातली सगळ्यात महागडी सेलवाली वस्तू बहुतेक हीच असते. आईचं मशीन चार पेन्सिल सेलवर चालतं. पट्टा फुगवणारी मोटर एका दमात बराच करंट ओढते, म्हणून साधे सेल घातले तर थोड्याच वापरात ‘सेल बदला’चं चिन्ह येतं. रिचार्जेबल घातले तर दाब मुळातच कमी, तेच चिन्ह लवकर येण्याची शक्यता. त्यामुळे अल्कलाइन.

पण चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात, तिथे सगळ्यात मोठा धोका मिसळीचा. दोन नवे, दोन जुने घातले तर जुने आधी संपतात, तरी नवे त्यांच्यातून प्रवाह ढकलतच राहतात आणि जुन्यांची अधिक-उणे टोकं उलटी होतात. अशा उलट्या पडलेल्या सेलमध्ये वायू जोरात तयार होतो आणि तो गळतो. साधा आणि अल्कलाइन शेजारी शेजारी घातले तरी तेच. ‘एकच तर बदलायचाय’ ही काटकसर नको.

मशीनला अ‍ॅडॉप्टरची खाच असेल तर माझं मत सरळ आहे. अ‍ॅडॉप्टर घ्या आणि सेल काढून मशीनच्या पिशवीत वेगळे ठेवा. वीज गेली किंवा गावी जायचं झालं तरच घाला.

मुलांची खेळणी

खेळण्याची गाडी साधे सेल दोन दिवसांत खाते. मुलं बटण बंद करत नाहीत. गाडी सोफ्याखाली जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत सापडते, गळलेली. इथे रिचार्जेबलला तोड नाही. निकेल-मेटल हायड्राइडचा चांगला पेन्सिल सेल शेकडो वेळा चार्ज होतो. त्यातही पोटॅशियम हायड्रॉक्साइडच असतं, म्हणजे तो गळूच शकत नाही असं नाही. पण तयार होणारा वायू बऱ्याच अंशी आतल्या आतच जिरेल अशी त्याची रचना असते, त्यामुळे गळती क्वचित.

या सेलची जुनी तक्रार अशी की, नुसते ठेवले तरी महिन्या-दोन महिन्यांत उतरतात. ती तक्रार २००५ मध्ये सान्यो या जपानी कंपनीने एनेलूप नावाचे रिचार्जेबल सेल बाजारात आणल्यापासून बरीच मिटली. आता ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘रेडी टू यूज’ लिहिलेले सेल घेतले तर वर्षभर ठेवूनही बराच चार्ज शिल्लक राहतो. तसे लिहिलेलेच घ्या. आणि घरात चार्ज करण्याचं काम कुणाचं, हे आधी ठरवा. ते ठरलं नाही तर एक दिवस कुणीतरी तीन चार्ज केलेले आणि एक दुकानातला साधा अशी चौकडी बसवतो, आणि पुन्हा मिसळ.

१.५ व्होल्टचे लिथियम-आयन सेलही आता मिळतात, मोबाइलच्या वायरीने चार्ज होणारे. दाब पूर्ण मिळतो, पोटॅशियमचं पाणी नसतं. पण संपताना ते कुठलीही सूचना न देता एकदम बंद पडतात, आणि काही रेडिओंमध्ये त्यांच्या आतल्या सर्किटची खरखर ऐकू येते. आमच्या घरी त्यांना अजून जागा मिळालेली नाही.

बंद घर, गाडीतला टॉर्च

कोकणातलं घर गणपतीनंतर बंद होतं ते मे महिन्यात उघडतं, असं ज्यांचं आहे त्यांना एकच सांगणं. निघताना कुलपाआधी सेल. टॉर्च, रेडिओ, घड्याळ, सगळ्यांतले बाहेर काढा. घड्याळ थांबू दे.

जिथे सेल काढून चालतच नाही, म्हणजे अडीअडचणीचा टॉर्च, गाडीच्या डिकीतला दिवा, तिथे लिथियमचे रिचार्ज न होणारे पेन्सिल सेल आहेत. त्यांच्यात पाण्यातला क्षार नाहीच. २० वर्षं टिकतात असं उत्पादक सांगतात, आणि ६० अंशांपर्यंतच्या उष्णतेत काम करतात, म्हणजे विदर्भातल्या उन्हात उभ्या गाडीतही अल्कलाइनपेक्षा भरवशाचे. वजनाला हलके. किंमत मात्र अल्कलाइनच्या कित्येक पट, आणि गल्लीतल्या दुकानात मिळणार नाहीत. घड्याळात घालायला ते घेणं म्हणजे उधळपट्टी. वर्षानुवर्षं विसरायच्या वस्तूसाठी मात्र मला ती किंमत पटते.

दुकानात कुठला सेल कुठला हे ओळखायचं तर वेष्टनावरचा बारीक संकेत बघा. पेन्सिल सेलवर नुसतं ‘आर ६’ असेल तर साधा, ‘एलआर ६’ म्हणजे अल्कलाइन, ‘एफआर ६’ लिथियम, ‘एचआर ६’ रिचार्जेबल. ‘सुपर’, ‘हेवी ड्यूटी’ वगैरे शब्दांवर जाऊ नका, ‘हेवी ड्यूटी’ बहुतेक वेळा साधाच असतो. तारीखही बघा. गावाकडच्या टपरीवर उन्हात टांगलेली माळ असेल तर जास्तच निरखून.

आता एका घरगुती उपायाबद्दल. संपलेले सेल उन्हात ठेवायचे, की पुन्हा थोडे चालतात. चालतात हे खरं आहे, उष्णतेने आतली अभिक्रिया जरा वेग घेते. पण तो सेल म्हणजे झिजलेलं जस्त, आणि त्यालाच आपण परत तापवून यंत्रात कोंबतो. दाताने चावून दाबणं हा त्याच्याही पुढचा प्रकार. लहानपणी आम्ही दोन्ही केलंय, आणि बाबांच्या ट्रान्झिस्टरची सेलची पेटी त्यानेच गेली.

गळलेलं सापडलंच तर पहिली गोष्ट, फुंकर मारू नका. ती पांढरी पूड डोळ्यांत गेली तर वाईट भाजते. गेलीच तर नळाखाली बराच वेळ डोळा धुऊन डॉक्टरकडे जा. हातात प्लास्टिकची पिशवी घालून सेल काढा. पांढरा थर क्षारधर्मी, म्हणून त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, कापसाच्या काडीने थेंब थेंब. फसफसेल, फसफस थांबेपर्यंत पुसा. मग ओल्या कापसाने, मग कोरड्या. साध्या सेलच्या तपकिरी डागावर याच्या उलट, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून. लोक सरसकट सोडाच लावतात आणि पांढरा थर हलत का नाही म्हणून खरवडत बसतात. शेवटी स्प्रिंगवर पॉलिश पेपर हलक्या हाताने. वायर आतून काळी-हिरवी झाली असेल तर ती कापून नवी जोडल्याशिवाय काही होत नाही, ते काम दुरुस्तीवाल्याचं.

गळलेले सेल कचऱ्याच्या बादलीत नकोत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या द्यायच्या असतात. मी एका प्लास्टिकच्या बरणीत साठवते आणि ई-कचरा गोळा होतो तेव्हा देते.

एसीच्या नव्या रिमोटमध्ये परत अल्कलाइनच घातलेत. टीव्हीच्या रिमोटलाही तेच बारीक पेन्सिल सेल लागतात. म्हणून यंदा जूनमध्ये एसी बंद केला त्याच दिवशी त्याची जोडी काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये टाकली. पावसाळाभर मालिका बघून आई ती संपवेल.