सायकल की पोहणं, पळणाऱ्यानं काय धरावं?

हाफ मॅरेथॉनची, म्हणजे 21.1 किलोमीटरची तयारी चालू असताना नडगी दुखायला लागली, मग पाच दिवसांचं पळणं तीनवर आणलं आणि उरलेल्या दोन दिवसात आधी सायकल, नंतर पोहणं, असं दोन्ही दीड-दीड महिना करून बघितलं.

सायकलचं सांगतो, बेळगावात टिळकवाडीतनं निघायचं, येळ्ळूरवरनं राजहंसगड किल्ल्याचा चढ. शेवटच्या वळणावर मांड्या अशा भरून येतात की सीटवरनं उठावंच लागतं, आणि हीच ताकद पळताना चढावर लई कामी येते. पळताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो, सायकलवर तो दणकाच नाही, त्यामुळं नडगीला आराम आणि दमही वाढतो. फक्त आपल्याकडचा पाऊस सुरू झाला की ओल्या उतारावर जपून.

पोहण्यानं माझा श्वास सुधारला. तीन हात मारले की एकदा तोंड बाहेर, हे अंगात मुरलं की पळतानाही धाप कमी लागते. पाण्यात आडवं असल्यामुळं ठोके पळण्याएवढे चढत नाहीत, म्हणून घड्याळातला आकडा बघून मेहनत कमी पडली असं समजू नका. पण पायांना तेवढं काम मिळत नाही हे खरंच. आणि विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी क्रॉल, म्हणजे पालथं होऊन एकाआड एक हात मारत पोहणं, नीट शिकून घ्या, डोकं वर ठेवलं की मान धरते.

माझं मत सायकलकडंच. पण हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर पळण्यासकट सगळं थांबवून आधी डॉक्टरला दाखवा, चीर असू शकते.