जुना गेम घ्यायचा की त्याचा नवा अवतार?

दिवाळीचा बोनस जमा झाला की ऑफिसमधला कोणीतरी हळूच विचारतो, ‘एखादा गेम घ्यायचाय रे, नवीन घेऊ की जुनेच खेळू?’ विचारणारा बहुधा लहानपणी नाइन्टी-नाइन-इन-वन कॅसेटवर मारिओ खेळलेला असतो. कॉलेजात सायबर कॅफेला तासाचे पैसे देऊन गाड्या पळवलेल्या असतात. मध्ये नोकरी, लग्न, घराचे हप्ते यांत बरीच वर्षं गेली. आता घरात एक साधा लॅपटॉप असतो, नाहीतर मुलाच्या नावाने आणलेला पीएस ५, म्हणजे प्लेस्टेशन ५.

ग्राफिक्स बघून ठरवलंत तर दरवेळी नवाच जिंकणार, मग तुलना कशाला करायची? मी दुसरंच बघतो. जुन्या गेममध्ये पुष्कळ गोष्टी टंचाईतून आल्या होत्या: मेमरी तोकडी, मशीन मंद, बटणं मोजकी. त्यातलं काय नुसती कटकट होती आणि कशात गेमचा जीव होता, हे नवा बनवणाऱ्यांना कळलंय का? कळलं असेल तर बिनधास्त नवा घ्या.

रेझिडेंट ईव्हिल ४: २००५ आणि २०२३

या जोडीवर जरा जास्त वेळ घालवतो, कारण कसोटी इथे सगळ्यात स्वच्छ लागते.

जुना गेम जानेवारी २००५ मध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलवर आला आणि त्याच वर्षी पीएस २ वर. अमेरिकेच्या अध्यक्षांची मुलगी पळवली गेलीय, तिला शोधत आपला नायक लिऑन स्पेनमधल्या एका खेड्यात पोचतो आणि थोड्याच वेळात अख्खं गाव कुऱ्हाडी घेऊन त्याच्या अंगावर येतं. आज खेळायला बसणाऱ्याला पहिला धक्का मात्र गावकऱ्यांचा बसत नाही, बटणांचा बसतो. बंदूक रोखली की लिऑन जागचा हलत नाही. नेम धरायचा तर उभं राहा, चालायचं तर बंदूक खाली करा.

सुरुवातीला याची चीड येते. मग कळतं की सगळी भीती याच खोड्यात आहे. समोरून चौघं येतायत, करवतवाल्याचा आवाज घरामागून येतोय पण तो दिसत नाही, आणि थांबून गुडघ्यावर गोळी मारायची की पाठ फिरवून पळायचं हे आत्ता, या क्षणी ठरवायचंय. शत्रूही त्याच हिशेबाने घडवलेत. धावत येतात आणि जवळ आले की पाऊल आखडतात, म्हणजे तुम्हाला नेमाला जेमतेम सवड मिळते.

२०२३ च्या गेममध्ये चालता चालता नेम धरता येतो. एवढंच बदललं असतं तर गावाची भीती तिथेच संपली असती. पण गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीने एकीकडे सैल सोडलेली दोरी दुसरीकडे आवळली. गावकरी आता वाट बघत नाहीत, घेरतात. तुम्ही हललात की नेम फाकतो, उभे राहिलात की आकसतो. आणि सुरी! जुन्यात ती कितीही चालवा, तिला काही होत नाही. नव्यात सुरीने वार अडवता येतो, अगदी करवतीचासुद्धा, पण दरवेळी ती थोडी झिजते. ऐन गर्दीत तुटली की व्यापाऱ्याकडे जाऊन दुरुस्त करून घेईपर्यंत वाटेत सापडलेल्या किरकोळ सुऱ्यांवर भागवायचं. हलायची मुभा मिळाली आणि काटकसर नव्या जागी जाऊन बसली. याला म्हणतात जुना गेम समजून घेणं.

हरवलं काय? थोडा वेडेपणा. जुन्यात सालाझार या खलनायकाचा अवाढव्य दगडी पुतळा चक्क चालत तुमच्या मागे लागतो, तो नव्यात नाही. जुन्याच्या संवादांत एक निर्लज्ज मजा होती, नवा त्यामानाने गंभीर आहे. तरी एकच घ्यायचा असेल तर नवा घ्या, तो पीएस ४ वरही चालतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर जुना घ्या. पहिला एक तास मात्र दात-ओठ खाऊन काढा.

जीटीए सॅन अँड्रियास: २००४ आणि २०२१

इथे निकाल उलटा, आणि तो लागला धुक्यावर.

पीएस २ ची मुख्य मेमरी ३२ एमबी. लग्नाचा एखादा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर येतो तो याहून जड असतो. एवढ्याशा जागेत तीन शहरं, वाळवंट, शेतं आणि एक मोठा डोंगर बसवायचा म्हणजे लांबचं लपवल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून धूसर हवा, पिवळट संध्याकाळ, क्षितिजाशी विरघळलेल्या इमारती. माउंट चिलियाडवर चढलात की खाली सगळं धुक्यात बुडालेलं असतं आणि पलीकडचं शहर तुम्ही मनात रचता. नकाशा खरा होता त्याच्या कितीतरी पट मोठा वाटायचा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास या तिन्ही जुन्या गेमची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली. नव्या मशीनला धुक्याची गरज नाही, म्हणून ते पुसून टाकलं. आता त्याच डोंगरावरून सगळं राज्य एका नजरेत दिसायला लागलं. लॉस सांतोस ते सॅन फिएरो म्हणजे दादर ते माहीम. लहानपणी ज्या प्रवासाला रेडिओवर तीन गाणी लागायची, तो उघड्यावर आल्यावर किती छोटा निघाला!

पावसाचंही तेच. नव्या आवृत्तीत सुरुवातीला पाऊस म्हणजे पडद्यावर ओढलेल्या पांढऱ्या रेघा. समोरचा रस्ता दिसेना, आणि पाऊस कसा दिसतो हे मुंबईकराला सांगायला नको. आणखी एक गंमत आहे, ती जवळून बघण्यासारखी. डोनटच्या एका दुकानावर जुन्या गेममध्ये नट-बोल्टमधला मोठा षटकोनी नट लावलेला होता. ‘टफ नट’ हे दुकानाचं नाव, त्याचा तो विनोद. नव्यात सगळे कोपरे गुळगुळीत करण्याच्या नादात त्या नटाचे सहाही कोन घासले गेले आणि उरलं टायरसारखं काहीतरी गोल. ज्याने ते केलं त्याने पाटी वाचलीच नव्हती.

गेमची मालक कंपनी रॉकस्टारने जाहीर माफी मागितली. पुढे दुरुस्त्या झाल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जुना प्रकाश आणि जुनं आकाश परत आणणारा पर्यायही आला. न्यायाने सांगायचं तर नव्यात एक सोय मोलाची आहे: मिशन फसलं की तिथूनच पुन्हा सुरू करता येतं. बिग स्मोकला बाइकवर मागे बसवून ट्रेनचा पाठलाग करायचा ते मिशन ज्यांनी जुन्यात खेळलंय त्यांना याची किंमत कळेल. फसलं की शहर पालथं घालून परत तिथवर जावं लागायचं. ही निव्वळ कटकट होती, गेली ते बरं झालं.

तरी माझं मत जुन्यालाच. अडचण अशी की नवी आवृत्ती यायच्या सुमारास जुने तिन्ही गेम बहुतेक डिजिटल दुकानांतून उतरवले गेले. कपाटात पीएस २ ची किंवा कॉम्प्युटरची जुनी डिस्क असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. नसेल तर नवी आवृत्ती सेलमध्ये स्वस्त झाली की घ्या आणि आधी सेटिंगमध्ये जाऊन जुना प्रकाश चालू करा.

प्रिन्स ऑफ पर्शिया: १९८९ आणि २०२४

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की सुरू व्हायचा तो हा गेम. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. मेलात तरी घड्याळ थांबत नाही. जॉर्डन मेक्नरने तो ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरवर केला. धावण्या-उड्या मारण्याच्या हालचाली त्याने धाकट्या भावाचं चित्रीकरण करून त्यावरून काढल्या. या सगळ्या चित्रांत मेमरी संपली आणि लढायला शत्रू बनवायला जागा उरेना. मग राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून, उलटसुलट करून त्याने त्याची सावली बनवली. आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते, तुमचं औषध पिऊन टाकते, आणि शेवटी समोर उभी राहते. तिला मारलं तर तुमचंच आयुष्य घटतं. तलवार म्यान करून तिच्यात मिसळायचं असतं. जागा नव्हती म्हणून सुचलेली ही कल्पना अख्ख्या गेममधली सगळ्यात मोठी गोष्ट ठरली.

‘द लॉस्ट क्राउन’ हा त्याचा रिमेक नाही. नायक वेगळा, सार्गोन नावाचा. गोष्ट काफ पर्वतावरची आणि आवाज चक्क फारसीत ठेवता येतात (तेच ठेवा). तरी सावली इथे आहेच. एका जागी स्वतःची प्रतिमा सोडायची, पुढे जायचं आणि एका बटणावर परत तिच्यात यायचं. या एका शक्तीवर कितीतरी कोडी उभी केलीत. घड्याळ गेलं, आणि त्याचं मला दुःख नाही. त्याऐवजी एक साधी पण हुशार सोय आहे: दार उघडत नसेल तर त्या जागेचा फोटो काढून नकाशावर टाचायचा. रविवारी खेळलेलं पुढच्या रविवारपर्यंत विसरणाऱ्या माणसासाठी ही देणगीच. उड्यांचा एखादा टप्पा अगदीच जमेना, तर तो ओलांडून जायचीही तजवीज आहे.

जुना एका संध्याकाळपुरता जरूर बघा, राहवत नसेल तर शेवटपर्यंत खेळा. पैसे मात्र नव्यावर घाला. हा सुंदर गेम बनवणारी टीम प्रकाशकांनी २०२४ मध्येच मोडली, हे ऐकून वाईट वाटलं.

एज ऑफ एम्पायर्स टू

राज्य वसवून लढायच्या या गेमवर वाद नको. १९९९ चा गेम कितीही प्रिय असला तरी २०१९ ची आवृत्तीच घ्या. जुन्यात शेत संपलं की गावकरी रिकामा उभा राहायचा आणि लढाई सोडून त्याला पुन्हा नांगराला जुंपावं लागायचं. नव्यात शेत आपोआप पेरलं जातं. एवढी सोय मिळूनही गेमचा तोल तसूभर हललेला नाही, कारण ती नुसती कटकटच होती. २०२२ च्या भारतीय विस्तारात गुर्जर, बंगाली आणि द्रविड आले. मराठे शोधू नका, गेमचा काळ मध्ययुगाचा आहे. साध्या लॅपटॉपवर सेटिंग कमी ठेवून चालतो.

मुस्तफा

खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम, १९९३. पण लालबागपासून बोरिवलीपर्यंत व्हिडिओ गेम पार्लरमध्ये सगळे त्याला त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याच्या नावानेच ओळखायचे. तो घरच्या कुठल्याही कन्सोलवर अधिकृतपणे कधी आलाच नाही, त्यामुळे ‘विकत कुठे मिळेल’ याला उत्तर नाही. एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळणारे खेळतात, कायदा त्यांच्या बाजूने नाही. खेळलात तर एक सांगतो: बटण दाबून हवी तेवढी नाणी टाकता येतात, आणि तिथेच मजा संपते. खिशात दोनच रुपये आहेत आणि मागे तीन पोरं नंबर लावून उभी आहेत, यावरच तो गेम तोललेला होता. मित्राबरोबर बसा, प्रत्येकी दोन नाणी ठरवा आणि संपली की उठा.

याच जातीचा नवा हवा असेल तर २०२० चा ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’. तिथे टंचाई नाण्यांची नाही, जिवाची आहे. मोठा फटका मारला की स्वतःचा जीव घटतो, पण लगेच मार न खाता चार फटके लगावले की तो परत मिळतो. लोभ धरला की मेलात. पार्लरची धाकधूक एक रुपयाही न टाकता परत आणलीय त्यांनी.

पैशाचं

पीएस ५ चा मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. वर सांगितलेल्यांपैकी बरेचसे सेलमध्ये त्याच्या अर्ध्याहून खाली मिळतात, म्हणून पहिल्या दिवशी धावू नका. कन्सोल अजून घ्यायचा असेल तर डिस्कचा घ्या. डिस्क खेळून झाली की ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर विकता येते, बदलून दुसरी घेता येते. डिजिटल गेम तुमच्याच खात्यात पडून राहतो. वापरलेली डिस्क घेताना खालची बाजू उजेडात तिरकी धरून ओरखडे बघा, दुकानातच लावून दाखवायला सांगा, आणि आत बोनस सामानाच्या कोडचा कागद असला तरी त्याचे पैसे मोजू नका, तो बहुतेक आधीच वापरलेला असतो.

लोकलमध्ये खेळायला म्हणून विचारत असाल, तर ‘लॉस्ट क्राउन’ २०२५ पासून फोनवरही आहे आणि सुरुवातीचा भाग फुकट आहे. विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरून तो जमणार नाही. पण घरी फोनला कंट्रोलर जोडून तेवढा फुकटचा भाग खेळा, आवडला तरच डिस्कच्या मागे लागा.