हिचकॉकचे दोन ब्रिटिश थरारपट: आधी कोणता पाहावा?

आल्फ्रेड हिचकॉकने अमेरिकेला जाण्यापूर्वी इंग्लंडमध्ये केलेल्या चित्रपटांपैकी 'द थर्टी-नाइन स्टेप्स' (1935) आणि 'द लेडी व्हॅनिशेस' (1938) या दोन्हींत गुन्हा, हेरगिरी आणि प्रेम एकत्र येते. मात्र प्रेमाला दिलेली जागा वेगळी आहे. पहिल्यात खुनाचा खोटा आळ आलेला नायक (रॉबर्ट डोनाट) पोलिसांना चुकवण्यासाठी आगगाडीत एका अनोळखी तरुणीचे चुंबन घेतो आणि ती त्याला तत्काळ पकडून देऊ पाहते. पुढे दोघे एकाच बेडीत अडकतात. सराईतल्या खोलीत ती तरुणी (मॅडेलिन कॅरोल) ओले मोजे उतरवते, तेव्हा बेडीमुळे त्याचा हात तिच्या पायावरून नाइलाजाने ओढला जातो. संकोच, चीड आणि आकर्षण हे सारे जवळजवळ संवादाविना दाखवणारा हा प्रसंग मला दोन्ही चित्रपटांत सरस वाटतो. जॉन बखनच्या मूळ कादंबरीत ही नायिकाच नाही, हे विशेष.

'द लेडी व्हॅनिशेस'मध्ये धावत्या आगगाडीतून एक वृद्धा नाहीशी होते आणि ती होती हेच सहप्रवासी नाकारतात. मार्गारेट लॉकवूड व मायकेल रेडग्रेव्ह यांचे प्रेम भांडणातून फुलते खरे, पण ते रहस्याच्या मागोमाग चालते. विनोद इथे अधिक आहे. क्रिकेटचा धावफलक कळावा म्हणून तळमळणारे दोन इंग्रज तर बहारदारच. सुरुवात मात्र रेंगाळते. प्रणयाची ओढ असणाऱ्याने 1935चा चित्रपट आधी पाहावा.