क्रिकेटची अकॅडमी की खो-खोचं मैदान? संध्याकाळचा तास कुठे घालवायचा

पाचवीतल्या मुलाला संध्याकाळी कुठे घालायचं हा विषय आमच्या घरात जवळपास वर्षभर चालला. शाळेत पीटीचे तास आठवड्याला दोन, त्यातला एक परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई घेतात, आणि मधल्या सुट्टीत डबा संपतो तोवर घंटा होते. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते, म्हणजे दम लागला पाहिजे, घाम आला पाहिजे. स्कूल बसने जाणाऱ्या पोराचा हा हिशोब शाळा सुटल्यावरच भरून निघणार.

सोसायटीत दहाबारा पोरं रोज खाली उतरत असतील तर खरंतर बाकी काही शोधायची गरज नाही. आमच्याकडे खाली नुसत्या गाड्या आहेत, एकाच्या काचेला बॉल लागला आणि विषय संपला. म्हणून उरले दोन पर्याय आणि दोन्ही आम्ही करून बघितले, आधी पाच महिने क्रिकेट अकॅडमी, आता आठ महिने झाले खो-खो.

अकॅडमी वाईट होती असं अजिबात म्हणणार नाही. सर शांत होते, बॅट कशी धरायची, डोकं कुठे ठेवायचं हे नीट शिकवायचे, आणि मुलाला मुळात क्रिकेटच हवं होतं, ही मोठी गोष्ट आहे. आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास. फी तीन महिन्यांची एकदम 9 हजार, किट वेगळं. एवढं आम्ही मनाची तयारी करून गेलो होतो.

मला खुपलं ते लाइनीत उभं राहणं. एकदा ऑफिसातून लवकर सुटलो आणि पूर्ण बॅच बाकावर बसून बघितली. दोन नेट, वीसबावीस पोरं. वॉर्मअपची एक फेरी झाली, मग पॅड बांधून, हेल्मेट घालून सगळे नंबर लावून उभे. आमच्याचा नंबर आला तेव्हा त्याला 19 बॉल मिळाले, मी मोजले. त्यानंतर थोडी बॉलिंग, ती पण नंबरानेच, आणि बाकी सगळा वेळ नेटच्या जाळीला टेकून गप्पा. घरी यायचा तेव्हा शर्ट ओला असायचा पण तो हेल्मेट-पॅडच्या उकाड्याने, पळून नाही. पुढच्या आठवड्यात परत जाऊन बसलो, तेच. सरांना विचारलं तर म्हणाले बॅच मोठी आहे, पर्सनल कोचिंग घ्या. दुसरीकडे छोट्या बॅचच्या अकॅडम्या असतीलही, तुमच्या भागात असेल तर जरूर बघा.

खो-खोचं मंडळ म्हणजे मातीचं मैदान, दोन खांब, फक्कीने आखलेल्या रेषा आणि नोकरी सांभाळून सव्वासहाला येणारे सर. महिन्याला 300 रुपये, रविवार सोडून रोज. पहिल्याच दिवशी मला शंका आली की इथे पण 8 जण बसलेले आणि एकच पळतोय, मग फरक काय? पण जवळ जाऊन बघा. बसलेलं पोर मांडी घालून बसलेलं नसतं, चवड्यांवर भार, हात जमिनीला टेकलेले, नजर पळणाऱ्यावर, पाठीत ‘खो’ बसला की त्याच क्षणी उठून सुटायचं, आधी उठलं तर फाउल. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, मधली पाटी, म्हणजे पोरं बसतात तो मधला पट्टा, ओलांडता येत नाही, म्हणजे पायांसोबत डोकं पण पळतं. आणि प्रॅक्टिसमध्ये सर लहानांच्या दोन-तीन तुकड्या करून साखळीत पळवतात, त्यामुळे कोणी दोन मिनिटांच्या वर मोकळं राहत नाही. वीस मिनिटांत आमच्याचा टीशर्ट पाठीला चिकटलेला होता. रात्री साडेनऊला झोप, जी आधी अकरापर्यंत यायची नाही.

त्रास इथेही आहेत. पावसाळ्यात चिखल झाला की आठ-आठ दिवस मैदान बंद. गुडघे सोलवटतात, पहिल्या महिन्यात आमच्याकडे हळद आणि बँडेज रोजचं होतं. टॉयलेटची सोय नाही, मुलगी पाठवणार असाल तर हे आधी विचारा. स्पर्धा जवळ आल्या की सरांचं लक्ष मोठ्या मुलांकडे जातं, लहानांना दादा-ताई लोक बघतात. आमच्याच्या बाबतीत ते चांगलंच झालं म्हणायचं, सूर मारायला त्याला नववीतल्या एका ताईने शिकवलं.

‘पुढे काय’ म्हणून अडला असाल तर, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला आणि पुरुष-महिला दोन्ही आपण जिंकलो, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे खेळाडू. पण मला विचाराल तर दहा वर्षांच्या पोरासाठी हा विचार नकोच, आत्ता रोज तासभर दणकून पळतंय का एवढंच बघावं.

मूल क्रिकेटसाठी खरंच वेडं असेल आणि बॅच दहाबाराची मिळत असेल तर अकॅडमी घ्या, मी अडवणार नाही. फक्त तीन महिन्यांची फी भरायच्या आधी एक पूर्ण बॅच स्वतः बसून बघा, आपलं पोर किती वेळ पळतंय आणि किती वेळ उभं आहे ते. मंडळात घालायचं तर दिवाळीनंतर घाला, जमीन कोरडी असते, सवय लागेपर्यंत खाडा पडत नाही.

बॅट आम्ही ठेवलीये. रविवारी सकाळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत आम्ही दोघं टेनिस बॉल घेऊन जातो, परवा तासाभरात त्याला शंभराच्या वर बॉल खेळायला मिळाले.