सिनेटरला फोन करताय? मग टेलिहेल्थचं नेमकं कुठलं बिल सांगायचं

टेलिहेल्थसाठी, म्हणजे घरबसल्या फोन किंवा व्हिडिओवर डॉक्टर मिळावा म्हणून, अमेरिकेतल्या आपल्या सिनेटरच्या ऑफिसला फोन करायचाय पण कुठल्या बिलाचं नाव घेऊ, असं दोघातिघांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. आधी बघा की आई-बाबांचं ओरिजिनल मेडिकेअर (म्हाताऱ्यांसाठीचा थेट सरकारी आरोग्य विमा) आहे का, खासगी कंपनीचा अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन असेल तर टेलिहेल्थ बरेचदा प्लॅनमधूनच मिळतं, त्यांना हा घोळ एवढा झोंबत नाही.

मूळ घोळ जुन्या कायद्यात आहे. सोशल सिक्युरिटी अ‍ॅक्टचं कलम १८३४(एम) म्हणतं पेशंट ग्रामीण भागातला हवा आणि वर तो दवाखान्यातच बसलेला हवा, घरी नाही. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्याने गाडी काढून एका दवाखान्यात जायचं आणि तिथून दुसऱ्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायचं, काय उपयोग सांगा! २०२० मध्ये कोविडमुळे ही अट उठली, तेव्हापासून नुसती मुदतवाढीवर मुदतवाढ. १ ऑक्टोबर २०२५ ला शटडाऊन लागलं, म्हणजे पैसे मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज बंद पडलं, आणि मुदतही आदल्याच दिवशी संपली होती. आमचे बाबा आयोवात राहतात, बीपीचे आकडे रोज कालनिर्णयच्या चौकटीत लिहितात आणि महिन्यातून एकदा फोनवर डॉक्टरना वाचून दाखवतात. तेव्हा क्लिनिकने कळवलं, एकतर इथे या, नाहीतर मेडिकेअरने पैसे नाही दिले तर आम्ही भरू असं सही करून द्या. गेलो मग, नव्वद मैल, कालनिर्णय मांडीवर घेऊन. १२ नोव्हेंबरला सरकार उघडलं आणि मागच्या तारखेपासून सगळं मंजूर झालं, पण माझी सुट्टी गेली ती गेलीच.

आता बिलं.

कनेक्ट फॉर हेल्थ अ‍ॅक्ट पहिल्यांदा २०१६ ला आलं, हवाईचे ब्रायन शॅट्झ आणि मिसिसिपीचे रॉजर विकर या सिनेटरांचं, २०२५ मध्ये ६० सिनेटरांनी मिळून परत मांडलं. यात गाव-शहर ही अट कायमची जाते, घर कायमचं चालतं, ग्रामीण क्लिनिकलाही टेलिहेल्थ देता येतं. मानसिक आजारांसाठी घरून उपचार आधीच कायम झालेत पण त्याला प्रत्यक्ष भेटीची जी शेपटी लावली होती ती पण हे बिल काढतं.

टेलिहेल्थ मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टचं नाव ऐकून वाटतं सगळं मॉडर्न करणार, पण २०२५ ची आवृत्ती फक्त २०२७ पर्यंत ढकलते, म्हणजे परत तेच तारखा मोजणं. पास व्हायला सोपं कारण खर्चाचा आकडा लहान दिसतो. आणि घरीच हॉस्पिटलसारखी देखभाल देणारी योजना मात्र यात २०३० पर्यंत आहे, ज्यांना ती लागते त्यांनी हे हलक्यात घेऊ नये.

तिसरं प्रोटेक्टिंग रुरल टेलिहेल्थ अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट, २०२१ आणि २०२३ ला आलं आणि त्या त्या काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, दोन वर्षांची मुदत संपल्यावर मेलं. मला मनापासून आवडलं होतं ते हेच, कारण नुसत्या फोनवरच्या तपासणीलाही व्हिडिओइतकेच पैसे आणि छोट्या ग्रामीण हॉस्पिटलना थेट मेडिकेअरकडे पैसे मागायची सोय यात होती. बाबांच्या घरी व्हिडिओ सुरू केला की चित्र अडकतं, डॉक्टरांचं तोंड उघडं ते उघडंच राहतं, त्यामुळे साधा फोनच चालतो. मेडिकेअरने २०२५ पासून नियमात फोन कायम मान्य केलाय, पेशंटला व्हिडिओ जमत नसेल तर. पण तो घरून केलेल्या फोनसाठी, आणि घरच कायद्यात बसलं नाही तर तो नियम कशावर उभा राहणार?

शिवाय मेडिकेअरकडून ग्रामीण क्लिनिकला टेलिहेल्थचा वेगळा ठरलेला दर मिळतो, बऱ्याच ठिकाणी तो प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी. डॉक्टरला परवडलं नाही तर तो तुम्हाला फोनवर वेळ देणारच नाही, मग कायदा कितीही कायमचा असो.

म्हणून मी कनेक्टचं नाव घेतो आणि लगेच जोडून सांगतो की ग्रामीण क्लिनिकचा दर आणि फोनचे पैसे पण त्यात घाला. मुदतवाढवाल्या बिलाला विरोध नाही करत, पण त्यासाठी माझा फोन खर्च करणार नाही. सिनेटरच्या ऑफिसात फोन उचलणारं पोरगं बहुतेक इंटर्न असतं, घाईत असतं, त्याला झिपकोड द्यायचा, बिलाचं नाव सांगायचं आणि दवाखान्याचं अंतर. नव्वद मैल म्हटलं की ते "वन वे?" असं विचारतं.